सोमवारची मीटिंग, सरांचं डायनिंग टेबल

पुदिना

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमची पुण्यातली छोटी कंपनी, हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. सगळे मिळून बारा जण. लॉकडाऊनमध्ये सरांनी बाणेरचं ऑफिस सोडलं आणि आम्ही घरून काम करायला लागलो, ते आजतागायत. फक्त दर सोमवारी सकाळी दहाला सरांच्या घरी, कोथरूडला मीटिंग असते.

सुरुवातीला मजा वाटायची. सरांच्या आई (आम्ही सगळे काकू म्हणतो) पोहे करायच्या, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड. पण हळूहळू एकेक गोष्ट टोचायला लागली. दाराबाहेर बारा जोड चपला-बुटांचा ढीग. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी दार उघडून विचारतात, "आज काय कार्यक्रम?" बाहेरच्या बाथरूममध्ये वॉशिंग मशीन, म्हणून वहिनी म्हणतात आतलं वापरा. म्हणजे सरांच्या बेडरूममधून जायचं, त्यांच्या न आवरलेल्या पलंगाला वळसा घालून. पाळी चालू असताना तिथे कचऱ्याचा डबा कुठे आहे हे कुणाला विचारायचं? मी त्या सोमवारी सरळ "बरं नाही" असं कळवते.

आम्ही दोघीच बायका आहोत. वर्षभरापूर्वी सर सहज म्हणाले, "अगं, आईला जरा हात लाव ना." लावला. कोण नाही म्हणेल? तेव्हापासून ते आमचंच काम झालं.

आता मुद्द्याचं. यंदा कोजागिरी सरांच्या गच्चीवर होती. ग्रुपवर मेसेज आला, "सगळ्यांनी यायचंच. मुलींनी जरा लवकर या, पाचपर्यंत." गेलो. दूध आटवत बसलो, पिस्त्याचे काप केले, वेलदोडे सोलले. पावणेआठला मी पेल्यांचा ट्रे घेऊन गच्चीवर आले तेव्हा मंडळी नाशिकच्या क्लायंटबद्दल बोलत होती. तो क्लायंट मी दोन वर्षं सांभाळलाय. सर म्हणाले, "बरं झालं आलीस. नाशिकचं आता हा बघेल असं ठरलंय. तुझ्यावरचा लोड कमी." आणि ट्रेमधला पेला उचलला.

मी काहीच बोलले नाही. पाहुणी म्हणून गेले होते ना!

माझं चुकतंय का? तुमच्याकडे असं असतं का? आणि यातून वाईटपणा न घेता कसं निघायचं?

खमंग_चिवडा

वाचून चीड आली. पण आधी एक सांगा, मसाला दूध तरी जमलं होतं का?

पुदिना

केशर कमी पडलं. सरांचंच होतं, मी काय करणार.

भुसावळ_जंक्शन

आमची हयात रेल्वेत गेली. आमच्याकडे "साहेबांनी बंगल्यावर बोलावलंय" एवढं वाक्य आलं की माणूस आधी शर्ट इन करायचा. फाइलवर सही बंगल्यावर, बदलीची विनवणी बंगल्यावर, दसऱ्याला सोनं द्यायला बंगल्यावर. ऑफिसात साहेब खुर्चीत असायचे आणि आमच्यासमोर टेबल असायचं. बंगल्यात ते झोपाळ्यावर आणि आम्ही उभे. हा फरक तुम्हाला समजला असेल.

आणि "हात लाव ना" म्हणाल, तर आमच्याकडे त्याचं पद होतं. बंगला प्यून. कागदावर नाव मोठं झोकदार, टेलिफोन अटेंडंट कम डाक खलासी. प्रत्यक्षात भाजी आणणं, कपड्यांना इस्त्री, साहेबांच्या मुलांना शाळेत सोडणं. गरीब घरातली पोरं ते करायची, कारण काही वर्षं बंगल्यावर काढली की रेल्वेत कायम व्हायची आशा असायची. इंग्रज गेले, बंगले राहिले, त्याबरोबर हेही राहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वे बोर्डाने नव्या नेमणुका थांबवल्या. तुमच्या सरांना हा इतिहास माहीत नसणार, पण सवय तीच आहे. काम घरचं, पगार कंपनीचा.

एक गंमत. आमच्या १९६६च्या वर्तणूक नियमांत भेटवस्तूंचं कलम आहे. सहज झालेलं जेवण, गाडीतून सोडणं किंवा असा घरगुती पाहुणचार भेटवस्तूत धरत नाहीत, मात्र कामाचा संबंध असणाऱ्याकडचा वारंवार किंवा डामडौलाचा पाहुणचार टाळावा असं त्यात आहे. म्हणजे साहेबाने कुणाकडे किती खावं याची काळजी नियमाने घेतली. साहेबाच्या घरी हाताखालच्या माणसाने किती राबावं, याबद्दल मी तरी त्या कलमात अक्षर वाचलं नाही.

कायद्याचं_बोला

वरच्या काकांना साष्टांग दंडवत.

पुदिना, कायद्याचं एवढंच सांगते, कारण पुढे कुणीतरी विचारणारच. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सरांच्या घरालाही लागू होतो. "कामाचं ठिकाण" म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाईल ती जागा त्यात येते, मालकाने दिलेली गाडी येते, आणि राहतं घर हा शब्दही त्या व्याख्येत आहे. त्यामुळे गच्चीवरची कोजागिरी "खाजगी कार्यक्रम होता" असं म्हणून कुणाला सुटता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. तुम्ही बारा आहात. समिती आहे का, हे विचारून बघा. चेहरे बघण्यासारखे होतील. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

पण स्पष्ट सांगायचं तर तुझं दुखणं यात बसत नाही. पिस्ते कापायला लावणं म्हणजे लैंगिक छळ नव्हे, तसं ओढूनताणून बसवू नकोस. तुझा क्लायंट तुझ्या गैरहजेरीत गेला आणि तू गैरहजर होतीस कारण तू त्यांच्याच स्वयंपाकघरात होतीस. हे कुठल्या कलमात घालायचं ते मला पंधरा वर्षं वकिली करून सुचत नाही.

मिनेसोटाची_थंडी

आमच्या गोऱ्या मॅनेजरच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा निमंत्रणावर लिहिलं होतं, "शनिवारी ४ ते ७". मला ते ७ बघून अपमान झाल्यासारखं वाटलं. आपल्याकडे पाहुण्याला कधी निघायचं ते सांगतात का? बायको म्हणाली, बघ कसे तुसडे आहेत. आता अकरा वर्षांनी मला तो ७ सगळ्यात माणुसकीचा वाटतो. सात वाजता तुमची सुटका आहे, आणि ती यजमानानेच आधी लिहून दिली आहे.

त्याच निमंत्रणात आणखी दोन ओळी होत्या. घरात कुत्रा आहे, भीती वाटत असेल तर सांगा, त्याला वर ठेवू. काय खात नाही ते कळवा. आणि गेल्यावर मांस मॅनेजर स्वतः भाजत होता, अंगात ॲप्रन. कुणी मदतीला गेलं तर हाकलत होता.

इथे सगळं छान असतं असं मुळीच नाही हं. त्या अंगणात गोल्फ खेळणाऱ्यांचा घोळका वेगळा जमतो आणि बढत्या बऱ्याचदा त्याच घोळक्यात ठरतात. मी गोल्फ खेळत नाही. त्यामुळे ट्रे हातात नसूनही पुदिनाच्या जागी मी पुष्कळदा उभा राहिलोय.

माटोळी

आमच्या गोंयात चवथीला बॉसच्या घरी जातोच, नि नाताळाला कुसवाडाचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट शेजाऱ्यांकडून, साहेबांकडून येतं. मला कधी खुपलं नाही. पण एक आहे, जाऊन दर्शन घेतलं, प्रसाद खाल्ला की बाहेर. लॅपटॉप घेऊन कोण जात नाही माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतो त्या मंडपीखाली.

निळी_शाई

लिहू की नको, दोन दिवस विचार करतेय.

माझ्या आधीच्या नोकरीत साहेबांकडे श्रावणात सत्यनारायण असायचा. अख्खी शाखा जायची, अर्धा दिवस ऑफिस बंद. ऑफिसात आमचं सगळ्यांचं एकच वॉटर कूलर, एकच कपांचा ट्रे. साहेबांच्या घरी मी इतर बायकांबरोबर आत गेले, पदर खोचला. साहेबांच्या सासूबाईंनी प्रत्येकीला नाव-आडनाव विचारलं. माझं ऐकलं, जरा थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तू असं कर, बाहेर पानं मांडायला घे. प्रसादाचं आमच्या आम्ही बघू."

कुणी काही वाईट बोललं नाही. साहेब तर नंतर म्हणाले, अगं, त्या जुन्या वळणाच्या आहेत. आमचा शिपाई जिन्यात बसून कागदी डिशमध्ये जेवला, बाकीच्यांना काचेच्या ताटल्या. ड्रायव्हरला ताट खाली पाठवलं. ऑफिसात आम्ही तिघंही एका टेबलावर डबा खायचो.

ऑफिसात माझ्याशी कसं वागायचं याचे नियम आहेत, ते कुणा एकाचे नाहीत. घरी नियम घरवाल्यांचे. म्हणून मी आता कुठल्याही साहेबाच्या घरी जात नाही. सरळ सांगते, मुलाचा क्लास असतो. मुलाचा क्लास असतोच कायम.

उद्योगी_माणूस

धागा वाचून जरा बाजू मांडावीशी वाटते. मी या "सरां"च्या बाजूचा. आमची नऊ माणसांची डिझाइन फर्म ठाण्यात आहे आणि आम्हीही महिन्यातून दोनदा माझ्या घरी बसतो.

ऑफिस सोडलं तेव्हा कंजूषपणा नव्हता हो. त्या वर्षी दोन पर्याय होते, भाडं की दोन माणसं. मी माणसं ठेवली. आणि घरी बोलावण्यात प्रेमही असतं. आमच्याकडचा एक मुलगा लातूरचा, दिवाळीला रजा मिळूनही गाडीचं तिकीट मिळालं नाही. माझ्या आईने त्याला उटणं लावून आंघोळ घातली, तो रडला. हे काय कॉन्फरन्स रूममध्ये होणार आहे? प्रत्येक गोष्टीत शोषण बघायचं म्हटलं तर माणसाने माणसाला चहाला बोलवायची पंचाईत.

कायद्याचं_बोला

उद्योगीराव, लातूरच्या मुलाचं उटणं फारच गोड आहे, खरंच. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका ताटात वाढताय. दिवाळीत तो यायला नाही म्हणाला असता तर चाललं असतं. महिन्यातून दोनदा जे बसता, त्याला तो नाही म्हणू शकतो का?

उद्योगी_माणूस

म्हणू शकतो की. आजवर कुणी म्हणालं नाही.

खमंग_चिवडा

:-)

भुसावळ_जंक्शन

आमचेही साहेब हेच म्हणायचे.

गाईडची_पिशवी

पीएच.डी.वाल्यांना विसरू नका! आमचे गाईड प्रकरणं घरीच तपासायचे. विद्यापीठात त्यांच्या केबिनमध्ये तीन जण बसायचे, जागाच नसायची, हे खरं. म्हणून रविवारी सकाळी घरी. वाटेत मॅडमचा फोन, "येताना मंडईतून दोन जुड्या मेथी आण, कोवळी बघून." मला आज सांख्यिकी आठवत नाही, पण मेथी निवडून घ्यायला मी एक नंबर आहे.

तरी त्या घराला नावं ठेववत नाहीत. आमच्या घरात पंचांग आणि बारावीची गाईडं सोडली तर पुस्तक नव्हतं. सरांच्या घरी बाथरूमच्या दारापर्यंत पुस्तकं होती आणि कुठलंही न विचारता न्यायची मुभा. मेथीच्या बदल्यात पुस्तकं, असा तो व्यवहार होता. माझ्यानंतरच्या मुलीला मात्र पुस्तकं नको होती, तिला फक्त सही हवी होती. तिला ती मेथी महाग पडली.

वरणभात

इतके दिवस गप्प होते. मी या गोष्टीतली "वहिनी" आहे. पुदिनाच्या सरांची नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी सरांची. पण वहिनी सगळ्या सारख्याच.

ह्यांनी ऑफिस सोडलं तेव्हा घरात सगळ्यांनी ह्यांचं कौतुक केलं, केवढं भाडं वाचवलं म्हणून. माझ्या दिवाणखान्याचं भाडं कुणी धरलं का? आठवड्यातून एक दिवस चौदा माणसं. चहा दोनदा, म्हणजे अट्ठावीस कप, त्यात तीन बिनसाखरेचे आणि एक ग्रीन टी. कामवाल्या मावशींना त्या दिवशीचे जास्त पैसे द्यायचे म्हटलं तर हे म्हणतात, "कपच तर आहेत." मीही नोकरी करते. माझं घरून काम असतं त्याच दिवशी. मी बेडरूममध्ये दार लावून कॉलवर बसते आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी बाथरूमसाठी टकटक करतं. पुदिना, तुला तो पलंग न आवरलेला दिसला. त्या पलंगावर कुणीतरी घाईत उठून साडीऐवजी कुर्ता घालून, केस बांधून, तुमच्यासाठी खोली रिकामी केलेली असते ग.

आणि तुम्ही मुली स्वयंपाकघरात येता ना, तेही मला नको असतं. माझ्या फोडणीच्या डब्यात कुणी हात घातलेला मला चालत नाही. पण साहेबांच्या बायकोने "बाहेर जा" कसं म्हणायचं? शिष्ट ठरेन. तुम्हीही "नाही येत" कसं म्हणणार? मग आपण दोघी उभ्या राहतो, एक कोथिंबीर निवडते, दुसरी हसते, आणि बाहेर पुरुषमंडळी ठरवतात कुणाचं काय करायचं ते.

सासूबाईंना मात्र आवडतं हे सगळं. दिवसभर घरी एकट्या असतात. सोमवारी त्यांना कुणीतरी "काकू, पोहे मस्त" म्हणतं. तेही काढून घ्यायला जिवावर येतं.

निळी_शाई

वरणभात, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मिनेसोटाची_थंडी

+१. मी फोन लावून बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, "आणि आपल्याकडच्या पार्टीनंतर भांडी कोण घासतं?" डिशवॉशर, असं उत्तर दिलं. चुकीचं होतं.

उद्योगी_माणूस

आज घरी विचारलं. सविस्तर लिहीत नाही. पुढची मीटिंग बाहेर आहे.

खमंग_चिवडा

उद्योगीराव, "सविस्तर लिहीत नाही" यातच सगळं आलं. काळजी घ्या. :-)

पुदिना, तू कुठे गायब? धागा पेटवून पसार?

पुदिना

आहे, आहे. सगळे प्रतिसाद वाचत होते. वरणभात, पलंगाबद्दल माफ करा, त्या बाजूने मी खरंच कधी बघितलं नव्हतं.

काय झालं ते सांगते. समितीबिमितीचं काही काढलं नाही. आमच्या टीममधल्या दुसरीला आधी विश्वासात घेतलं. ती म्हणाली, मला वाटायचं तुला आवडतं आत जायला, म्हणून मी यायचे! वर्षभर आम्ही एकमेकींच्या सोबतीला म्हणून कांदे चिरत होतो.

मग सरांना फोन केला. घरी नाही, फोनच. (माझ्या मते हे महत्त्वाचं होतं. त्यांच्या सोफ्यावर बसून, हातात त्यांचा चहा घेऊन मला हे बोलता आलं नसतं.) दोनच गोष्टी मागितल्या. एक, ज्या क्लायंटबद्दल बोलायचं आहे त्याचा माणूस समोर असल्याशिवाय ठरवायचं नाही आणि ठरलेलं त्याच दिवशी मेलवर यावं. दोन, सोमवारची मीटिंग बाहेर.

सर आधी दुखावले. "अगं, आम्ही तुम्हाला घरचं समजतो." मी म्हटलं, "सर, म्हणूनच पंचाईत होते." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाले, "नाशिकचं तू विचारायला हवं होतंस तेव्हाच." मी म्हटलं, "तेव्हा माझ्या हातात ट्रे होता." यावर हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

नाशिक परत मिळालं नाही. तो मुलगा तिकडे जाऊनही आलाय, आता काढून घेणं त्याच्यावर अन्याय. पुढचा मोठा क्लायंट मला द्यायचा असं मेलवर आलंय. मेलवर, हे महत्त्वाचं. मीटिंगसाठी सरांनी कर्वे रस्त्यावर एक खोली तासांवर घेतली, दोन तासांसाठी. खुर्च्या करकरतात आणि चहा मशीनचा, पुचाट. पण बाथरूमला जाताना कुणाला विचारावं लागत नाही, आणि बारा वाजले की पुढची पार्टी दारात उभी असते, त्यामुळे मीटिंग संपते. मिनेसोटावाल्यांचा ७ आम्हाला असा मिळाला.

हा परवाचा पहिलाच सोमवार. सर आले तेव्हा त्यांच्या हातात लॅपटॉपची बॅग आणि चार पुडांचा पितळी डबा, कापडात गुंडाळलेला. काकूंनी पहाटे उठून पोहे पाठवले होते. लिंबं वेगळी, खोबरं वेगळ्या पुडात. सोबत निरोप, "तिकडे बाहेरचं काहीबाही खाऊ नका."

सगळे खाऊन झाल्यावर डबा टेबलावर तसाच. सर घाईत निघून गेले. पुरुषमंडळी मोबाइलमध्ये. मी दुसरीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. शेवटी तो नाशिकवाला मुलगा उठला, बेसिनवर डबा विसळून आणला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "काकूंचा डबा रिकामा कसा पाठवायचा? आई म्हणते, रिकामा डबा परत देऊ नये."

तेव्हापासून तो माझ्या ओट्यावर आहे. पुढच्या सोमवारपर्यंत त्यात काहीतरी घालून द्यायचंय. काय घालू, सुचवा.

खमंग_चिवडा

साखर. मूठभर. विषय संपला.

गाईडची_पिशवी

मेथी!! कोवळी बघून.

वरणभात

काकूंना काय आवडतं ते त्यांना फोन करून विचार. आणि करायचं काम त्या मुलाला दे. आठवण त्यानेच करून दिली ना?